नाव आधी, गाव मागाहून



२५ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनला ब्रिटिश अकादमीत आजच्या या व्याख्यानासारखंच एक स्मृतिव्याख्यान झालं होतं. सर इझ्रायल गोलान्झ यांच्या स्मरणार्थ चालणारी ती व्याख्यानमाला. वक्ते होते ऑक्सफर्डमधले जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन आणि विषय होता ‘बेओवुल्फ’ हे जुनं इंग्रजी काव्य. त्या भाषणात टोल्किननी एक दृष्टान्त सांगितला. एका माणसाला वारशात जुन्या दगडांचा ढीग मिळाला. त्यातून त्यानं मनोरा बांधला. मित्रमंडळी आली, त्यांनी मनोरा पाडला आणि दगडांवर कुठं काही कोरलेलं सापडतं का ते शोधत बसली. त्या मनोऱ्यावर चढलं की समुद्र दिसायचा, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ‘बेओवुल्फ’ची आपण पंडितांनी हीच गत केली, असा त्यांचा रोख होता.

आज मी त्या मित्रमंडळींतलाच एक होणार आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. टोल्किन हे बोलत होते तेव्हा ‘द हॉबिट’चं हस्तलिखित प्रकाशकाकडे जाऊन पडलेलं होतं. पुढच्या सप्टेंबरात पुस्तक आलं. १९५४ आणि ५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड आले, आणि दृष्टान्त सांगणाऱ्यानं स्वतः केवढा मनोरा बांधला होता ते जगाला कळलं. तो पाडायची माझी इच्छा नाही, ताकदही नाही. खालच्या थरातले चार दगड फक्त हात लावून बघायचे आहेत. हे दगड म्हणजे गावांची, रानांची, टेकड्यांची नावं.

अद्भुत कथेतलं गाव कशामुळे खरं वाटतं? नकाशामुळे, असं पुष्कळ जण म्हणतील. मला ते पटत नाही. नकाशा कुणीही काढतो. गाव खरं वाटतं ते त्याच्या नावाचा अर्थ तिथल्या रहिवाशांनाही आता आठवत नाही, असं वाचकाला जाणवतं तेव्हा. दुकानातून नवा पाटा आणायचा, पण तीन पिढ्यांनी त्यावर वाटण वाटल्यासारखा तो गुळगुळीत दिसला पाहिजे, असं हे अवघड काम आहे. आणि हे काम आधुनिक लेखकांनी शोधून काढलेलं नाही. युरोपच्या मध्ययुगात ते राजरोस चालत होतं. नाव उरलेलं असे, अर्थ पुसलेला असे, आणि मोकळ्या जागेत कुणीतरी गोष्ट भरत असे.

या धंद्याचा मूळपुरुष म्हणजे मॉनमथचा जेफ्री. साधारण ११३६ च्या सुमारास त्यानं लॅटिनमध्ये ब्रिटनच्या राजांचा इतिहास लिहिला. इतिहास कसला, स्थळपुराणच ते. ब्रिटन हे नाव का पडलं? ब्रूटस नावाचा एक ट्रोजन वीर फिरत फिरत इथं आला म्हणून. लंडन का? लूड नावाच्या राजानं ते शहर वाढवलं म्हणून. लेस्टर का? लीअर राजानं ते वसवलं म्हणून. हाच लीअर पुढे शेक्सपिअरच्या हाती लागला, म्हणजे एका गावाच्या चुकीच्या व्युत्पत्तीतून जगातली एक थोर शोकांतिका निघाली म्हणायची. पण जेफ्रीचं खरं कसब पाहायचं तर ‘त्रिनोव्हांतुम’ हे नाव घ्यावं. ज्यूलिअस सीझरच्या काळी टेम्सच्या उत्तरेला त्रिनोव्हांतेस नावाची जमात राहत होती. लेखनिकांच्या हातून जाता जाता त्या जमातीच्या नावाचं शहराचं नाव झालं. जेफ्रीनं ते वाचलं आणि त्याला त्यात ‘ट्रॉया नोव्हा’, म्हणजे नवं ट्रॉय, ऐकू आलं. झालं! ब्रूटस ट्रोजन होताच, त्यानं नवं ट्रॉय वसवलं, तेच पुढे लंडन. एका चुकीच्या पाठावर अख्खी राजधानी उभी राहिली आणि काही शतकं शहाणीसुरती माणसं तिच्यावर विश्वास ठेवत राहिली.

त्याच ग्रंथात ॲव्हलॉन बेट पहिल्यांदा भेटतं. आर्थर राजाची तलवार तिथं घडली, आणि जखमी राजाला शेवटी तिथंच नेलं. सफरचंदांशी नातं सांगणारं हे वेल्श वळणाचं नाव कुठल्याही नकाशावर नव्हतं. आता नाव आहे आणि गाव नाही, ही अवस्था फार दिवस टिकत नाही. ११८४ मध्ये ग्लास्टनबरीचा मठ आगीत जळाला. पुन्हा बांधायला पैसा हवा होता. ११९१ मध्ये तिथल्या भिक्षूंना मठाच्या आवारात खणताना आर्थर आणि त्याच्या राणीची कबर ‘सापडली’. सोबत शिशाचा एक क्रूस. त्यावर, कुणाला शंका राहू नये म्हणून, हे ॲव्हलॉन बेट आहे असंही कोरलेलं होतं! तो क्रूस आज नाही, १६०७ मध्ये छापलेलं त्याचं चित्र मात्र आहे. भिक्षूंना लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यांचं कौतुक वाटतं. कल्पित नावाला किती मोठी भूक असते हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

कॅमेलॉटची कथा याहून गमतीची. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीनं लान्सेलॉटच्या काव्यात हे नाव जाता जाता एकदाच घेतलं. तेही सगळ्या हस्तलिखितांत नाही. तेराव्या शतकातल्या गद्य कथांनी ते उचललं आणि आर्थरची राजधानी करून टाकली. आर्थरच्या कथा इंग्रजीत लिहिणाऱ्या मॅलरीनं ती विंचेस्टरला नेली. १४८५ मध्ये मॅलरीचं पुस्तक छापणाऱ्या कॅक्स्टननं प्रस्तावनेत ती वेल्समध्ये असल्याचं सांगितलं. लेखक एकीकडे, मुद्रक दुसरीकडे! १५४२ मध्ये जॉन लेलंड हा पुराणवस्तूंचा अभ्यासक सॉमरसेटमधल्या साउथ कॅडबरीच्या टेकडीवर गेला. जवळ क्वीन कॅमल आणि वेस्ट कॅमल ही गावं. त्यानं निकाल दिला, हेच कॅमेलॉट. गंमत अशी की १९६६ ते १९७० या काळात पुरातत्त्वज्ञ लेस्ली ऑल्कॉक यांनी त्या टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा पाचव्या-सहाव्या शतकात तिथं पुन्हा तटबंदी केल्याच्या खुणा आणि एका मोठ्या सभागृहाचे अवशेष खरोखरच मिळाले. त्यानं कॅमेलॉट सिद्ध होत नाही. पण नावानं माणसांना योग्य टेकडीवर आणून सोडलं, एवढं मानायला हरकत नाही.

ही नावं समुद्रापारही गेली. १५१० च्या सुमारास मोन्ताल्व्हो या स्पॅनिश लेखकाच्या अद्भुत कादंबरीत कॅलिफोर्निया नावाचं बेट येतं. तिथं कलाफिया राणी आणि तिच्या लढवय्या स्त्रिया, सोन्याखेरीज धातू नाही. दोनतीन दशकांत स्पॅनिश खलाशांनी पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या एका खऱ्या द्वीपकल्पाला हेच नाव दिलं. मॅगेलननं दक्षिण अमेरिकेच्या टोकाला राहणाऱ्यांना दिलेलं ‘पातागोन’ हे नावही बहुधा १५१२ मधल्या ‘प्रिमालिऑन’ या कादंबरीतल्या एका राक्षसाचं असावं. ॲटलासमध्ये आपण ज्याला भूगोल समजतो त्यातलं काही मुळात बाजारू कादंबऱ्यांतलं आहे.

आता टोल्किनकडे वळू. या माणसाला मध्ययुग आवडत होतं, एवढं म्हणून भागणार नाही. नावं सोडवणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग होता. महायुद्धावरून परतल्यावर १९१९-२० मध्ये तो ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘डब्ल्यू’ अक्षराच्या शब्दांची व्युत्पत्ती लावत बसलेला होता; ‘वॉलरस’नं त्याला चांगलंच दमवलं. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये स्थलनामांचा अभ्यास करणारी संस्था निघाली. परगण्यांची जुनी दप्तरं, सनदा, १०८६ ची डूम्सडे नोंदवही, हे सगळं चाळून गावोगावच्या नावांची सर्वांत जुनी रूपं काढायची, असा तिचा खटाटोप. तिच्या पहिल्या ग्रंथाचं परीक्षण करणाऱ्यांत टोल्किन होता. आणि १९३२ मध्ये ग्लॉस्टरशरमधल्या लिडनी पार्क इथल्या उत्खननाचा अहवाल निघाला, त्याला ‘नोदेन्स’ या देवाच्या नावावर टोल्किनचं एक टिपण जोडलेलं होतं. उत्खनन करणारे होते मॉर्टिमर व्हीलर, जे १९४४ मध्ये आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक म्हणून आले. याच व्हीलरांच्या हाताखाली मेडन कॅसलच्या उत्खननात ह. धी. सांकलिया शिकले, मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, आणि १९४९ मध्ये त्यांनी गुजरातच्या शिलालेख-ताम्रपटांतल्या गावांच्या नावांवर एक ग्रंथही प्रसिद्ध केला. जग किती लहान असतं, पाहा.

तर अशा माणसानं स्वतःचं जग रचताना नावं कुठून आणली असतील? ‘मिडल-अर्थ’ हे नावच घ्या. पुष्कळांना तो एखादा दूरचा ग्रह वाटतो. जुन्या इंग्रजीत ‘मिद्दन्येआर्द’ हा अगदी रोजचा शब्द होता. माणसांची वस्ती असलेली, मधली भूमी. नॉर्स भाषेत तोच ‘मिथगार्थ’. टोल्किननं फक्त मधल्या काळातलं घासलेलं रूप उचललं. ही आपलीच पृथ्वी आहे, काळ तेवढा कल्पित आहे, असं तो बजावून सांगत असे.

‘मर्कवुड’ हे काळोखं रान ‘हॉबिट’मध्ये येतं. हे नाव आपण बनवलेलं नाही, फार जुनं आहे, असं त्यानं १९६६ मध्ये नातवाला लिहिलं. त्याच्याआधी १८८९ मध्ये विल्यम मॉरिसनं ते कादंबरीत वापरलं होतं. त्याच्याही मागे जावं तर आइसलंडच्या एड्डाकाव्यांत ‘मिर्कविथ’ आहे. एका सागामध्ये गॉथ आणि हूण यांच्यामधली सीमा म्हणजे हेच रान. आणि ते नुसतं कवींच्या डोक्यात नव्हतं. १०१८ मध्ये मरण पावलेला थिएटमार हा मेर्सेबुर्गचा बिशप आपल्या बखरीत बोहेमियाच्या सरहद्दीवरच्या डोंगराळ जंगलाला ‘मिरिक्विदुई’ म्हणतो. म्हणजे मध्ययुगातला एक हिशेबी चर्चवाला ज्याला जंगल म्हणून ओळखत होता, ते आठशे-नऊशे वर्षांनी परीकथेत शिरलं. वाचकाला यातलं काही ठाऊक नसतं. पण पलीकडे आपली हद्द संपते, हा धाक त्या नावाला चिकटून आलेला असतो.

माझं सर्वांत आवडतं उदाहरण ‘ऑर्थँक’चं. सारुमान या जादूगाराचा तो काळा, दगडी, अभेद्य मनोरा. रोमन सैन्य ४१० च्या सुमारास ब्रिटन सोडून गेलं. मागून आलेले अँग्लो-सॅक्सन लोक लाकडाची घरं बांधणारे. रोमनांच्या पडक्या भिंती, कमानी, स्नानगृहं त्यांना दिसत. ती कुणी बांधली याचा पत्ता नाही. त्यांचे कवी या अवशेषांना एकच ठरावीक संज्ञा लावतात: ‘एंट’ लोकांची करणी. ‘एंट’ म्हणजे राक्षस, महाकाय पुरुष. अशाच एका सुभाषितवजा कवितेत लांबून दिसणाऱ्या नगरांचं वर्णन आहे, आणि तिथं ‘एंट’च्या शेजारीच ‘ओर्थांक’ हा शब्द बसलेला आहे. अर्थ कौशल्य, कारागिरी, चतुर बुद्धी. टोल्किननं काय केलं? या दोन शेजाऱ्यांना ओळीतून बाहेर काढलं. एकाचा मनोरा केला, दुसऱ्याची चालती-बोलती वृक्षांसारखी जमात केली, आणि कादंबरीच्या दुसऱ्या भागात त्यांची लढाई लावून दिली! एंट येतात, भोवतीचं ‘आयझनगार्ड’, म्हणजे लोखंडी आवार, हातांनी मोडून टाकतात, पण ऑर्थँकच्या दगडापुढे त्यांचं काही चालत नाही. हजार वर्षांपूर्वीच्या अर्ध्या ओळीवरचं इतकं भन्नाट भाष्य एकाही पंडिताला सुचलेलं नाही.

त्याच कादंबरीतल्या रोहन देशाच्या घोडेस्वारांचा सगळा मुलूखच असा आहे. राजधानी ‘एदोरास’, म्हणजे नुसती आवारं, कुंपणं. राजाचा वाडा ‘मेदुसेल्ड’, मधाची दारू पिण्याची बैठक. हा समास थेट ‘बेओवुल्फ’मधला. हे लोक आपल्या देशाला ‘मार्क’ म्हणतात. टोल्किनचे अभ्यासक टॉम शिप्पी यांनी १९८२ मध्ये यावर बोट ठेवलं. इंग्लंडच्या मध्यभागी असलेल्या ज्या जुन्या राज्याला आपण ‘मर्सिया’ म्हणतो ते लॅटिन रूप आहे. तिथली माणसं त्याला ‘मार्क’च म्हणत असणार, म्हणजे सरहद्दीचा मुलूख. टोल्किनचं बालपण त्याच मुलखात, बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोलला गेलं. त्यानं आपल्या गावाकडचं विसरलेलं नाव परत केलं, फक्त दुसऱ्या जगात.

‘डनहॅरो’पाशी जरा थांबायला हवं. संकटात रोहनचे लोक जिथं आश्रय घेतात ती डोंगरातली जागा. वळणावळणावर उकिडव्या बसलेल्या, झिजलेल्या दगडी मूर्ती. त्या कुणी घडवल्या, इथं कुणाची पूजा चाले, रोहनमध्ये कुणाला ठाऊक नाही. नावात मात्र उत्तर आहे: ‘दून’ म्हणजे टेकडी आणि ‘हेआर्ग’ म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवतांचं ठाणं. लंडनजवळचं हॅरो गाव, तेच ते शाळेमुळे प्रसिद्ध झालेलं, याच शब्दाचं. ७६७ च्या एका सनदेत ते ‘गुमेनिंगांचं ठाणं’ म्हणून येतं. गुमेनिंग कोण, कुणाला माहीत नाही. आज त्या टेकडीवर सेंट मेरीचं चर्च उभं आहे. धर्म बदलला, देव गेले, पुजारी गेले. नाव गेलं नाही. कादंबरीत टोल्किन याचा खुलासा करत नाही. मूर्तींवरून लोक मुकाट पुढे जातात, एवढंच लिहितो.

इथं कुणीतरी रास्त प्रश्न विचारेल. काल्पनिक जगातल्या लोकांनी जुनी इंग्रजी का बोलावी? टोल्किनलाही हा प्रश्न छळत होता. त्याचं उत्तर परिशिष्टात आहे: हॉबिट या बुटक्या लोकांची भाषा मी इंग्रजीत भाषांतरित केली आहे, रोहनची भाषा तिच्याच नात्यातली पण जुनी, म्हणून ती जुन्या इंग्रजीत उतरवली. ही पश्चातबुद्धी आहे, पण फार ऐटबाज. आणि ती त्यानं इतकी नेटानं पाळली की भाषांतरकारांसाठी कुठलं नाव अर्थानं भाषांतरित करायचं आणि कुठलं जसंच्या तसं ठेवायचं, याचं एक सविस्तर टिपणही करून ठेवलं. डच आणि स्वीडिश भाषांतरांनी त्याला आधी बराच मनस्ताप दिला होता.

हॉबिटांच्या मुलखात तो मोकळेपणानं हसतो. ‘ब्री’ गाव टेकडीवर आहे. ‘ब्री’ हा इंग्रजांच्या आधीच्या केल्टिक लोकांचा शब्द, अर्थ टेकडी. नंतर आलेल्यांना तो विशेषनाम वाटला, म्हणून टेकडीला ते ‘ब्री-हिल’ म्हणतात. टेकडीची टेकडी. शेजारचं ‘चेटवुड’ तसंच, रानाचं रान. बकिंगहॅमशरमधलं ‘ब्रिल’ हे खरं गाव अगदी याच रीतीनं बनलेलं आहे. कोण आधी होतं, कोण मागून आलं, कुणी कुणाचं ऐकलं पण समजून घेतलं नाही, हा सगळा इतिहास एका अक्षरात. हॉबिटांच्या ‘शायर’ या मुलखाच्या नकाशावर ‘नोबॉटल’ दिसतं तेव्हा वाचक हसतो, बाटलीबंदी असलेलं गाव म्हणून. पण नोबॉटल नॉर्दम्प्टनशरमध्ये खरंच आहे. ‘नवी इमारत’ एवढाच त्याचा अर्थ. यॉर्कशरमधलं ‘वेटवँग’ त्यानं एका दलदलीला देऊन टाकलं. ‘बकलंड’ तर इंग्लंडात ठिकठिकाणी आहेत, मूळ अर्थ सनदेनं दिलेली जमीन. टोल्किन हे जाणून होता, तरी कथेत ते नाव ‘ओल्डबक’ घराण्यावरून पडलं असं लिहितो. जेफ्रीनं भाबडेपणानं केलेली चूक हा माणूस जाणूनबुजून करतो.

सगळ्याच नावांना असं मूळ नाही, आणि ते शोधणाऱ्यांवर टोल्किन वैतागायचा. ‘मोरिया’चा बायबलशी संबंध जोडणाऱ्याला त्यानं सुनावलं की तो आवाज एका नॉर्वेजियन लोककथेतल्या किल्ल्याच्या नावातून आला, तोही नुसता आवाज. ‘रोहन’ हे ब्रिटनीतल्या एका खऱ्या घराण्याचं नाव, हे त्याला ठाऊक होतं. त्यापलीकडे काही नाही. ‘मॉर्डोर’चा अर्थ त्याच्या एल्फ-भाषेत काळा देश. जुन्या इंग्रजीत ‘मोर्थोर’ म्हणजे खून. यावर त्यानं काहीही म्हणो, जुन्या इंग्रजीच्या प्राध्यापकाला तो शब्द ऐकू आला नसेल, हे मी मानायला तयार नाही.

त्याचा मित्र सी. एस. लुइस या बाबतीत अगदी निवांत. इटलीतल्या नार्नी गावाचं लॅटिन नाव ‘नार्निया’. ते त्याला ॲटलासमध्ये दिसलं, आवडलं, आणि त्यानं ते आपल्या कथांतल्या देशासाठी घेतलं. अलीकडच्या पुष्कळ अद्भुत कादंबऱ्यांतली नावं मला दोन टोकांची वाटतात. काही इतकी सरळ की पाटी वाचल्यासारखी. काहींत मधेच लोंबकळणारी चिन्हं, उच्चार करायला गेलं तर जीभ चावावी. दोन्हींत कुणी राहून गेल्याचं जाणवत नाही.

शेवटी एका लहानशा पुस्तकाविषयी. फेब्रुवारी १९३८ मध्ये ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजातल्या एका मंडळानं टोल्किनला परीकथांवर निबंध वाचायला बोलावलं. त्यानं निबंधाऐवजी गोष्टच वाचून दाखवली. तीच पुढे १९४९ मध्ये ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ म्हणून छापली गेली. प्रस्तावनेत तो गंभीरपणे सांगतो की हे जुन्या लॅटिन ग्रंथाचं भाषांतर आहे. जेफ्रीनंही नेमकं असंच सांगितलं होतं, आपल्याला ऑक्सफर्डच्या एका धर्माधिकाऱ्यानं ब्रिटिश भाषेतला अतिप्राचीन ग्रंथ दिला म्हणून. टोल्किनच्या गोष्टीत जाइल्स नावाचा जाडजूड शेतकरी एका ड्रॅगनला माणसाळवतो आणि त्याला ‘टेम वर्म’चा, म्हणजे माणसाळलेल्या सर्पाचा, स्वामी अशी पदवी मिळते. गावाचं नाव हॅम, पदवीतला शब्द ‘टेम’. दोन्हींची लोकांच्या तोंडी गल्लत होऊन गाव झालं ‘टेम’, आणि स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर एक निष्कारण ‘एच’ घुसला. या ‘एच’ला काहीही आधार नाही, असं लेखक विद्वत्तेच्या सुरात नोंदवतो. जवळच बांधलेल्या वाड्यावरून तिथल्या गावाचं नाव ‘वर्मिंगहॉल’ पडलं.

दोन्ही गावं ऑक्सफर्डपासून काही मैलांवर आजही आहेत. टेमचं नाव त्याच नावाच्या नदीवरून पडलं. ती टेम्सला मिळते, आणि तिचं नाव इंग्रज त्या बेटावर येण्याआधीचं. ‘एच’ मात्र खरोखरच बिनकामाचा आहे. ‘वर्मिंगहॉल’ या नावात ना ड्रॅगन आहे ना वाडा. विर्मा नावाच्या कुणा इसमाची नदीकाठची सखल जमीन, एवढंच स्थलनामांचे अभ्यासक त्याच्याबद्दल सांगतात. त्या विर्माबद्दल आणखी कुठेही एक ओळ लिहिलेली नाही.